उपाशी मुलांच्या ताटासाठी : ब्रदर वॉलफ्रिड यांचे जीवन

१७ एप्रिल १९१५ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील डम्फ्रीज या गावी एका वृद्ध व्रतबंधूने देह ठेवला. ते ७४ वर्षांचे होते. युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि वर्तमानपत्रांचे रकाने रणांगणावर पडलेल्या तरुणांच्या नावांनी भरत होते. अशा दिवसांत एका निवृत्त शाळामास्तराच्या मृत्यूकडे जगाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. त्यांच्या नावावर घर नव्हते, जमीन नव्हती, बँकेत पैसा नव्हता. मात्र ज्या फुटबॉल संघाची कल्पना त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणली होती, त्या सेल्टिक संघाने त्याच हंगामात स्कॉटलंडचे अजिंक्यपद पटकावले होते.

त्यांचे नाव ब्रदर वॉलफ्रिड. फुटबॉलच्या इतिहासात ते एका नामवंत संघाचे संस्थापक म्हणून ओळखले जातात. त्यांना स्वतःला मात्र खेळापेक्षा एका वेगळ्याच प्रश्नाने ग्रासले होते. शाळेच्या बाकावर उपाशी पोटी बसलेल्या मुलाला शिकवायचे कसे, हा तो प्रश्न होय.

आमच्या वऱ्हाडात फुटबॉलपेक्षा कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि मल्लखांब यांचा मान मोठा. परंतु एखाद्या लहानशा क्रीडामंडळातून केवढी संस्था उभी राहू शकते, हे अमरावतीकरांना सांगावे लागत नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी ज्याचा पाया घातला, त्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. खेळ हे साधन असते. ते कोणत्या कामी लावायचे हे माणसे ठरवतात. ब्रदर वॉलफ्रिड यांनी ते कोणत्या कामी लावले आणि पुढे त्या साधनाचे काय झाले, हे आमच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांला वाटले.

दुष्काळाचे लेकरू

त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. १८ मे १८४० रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील स्लायगो परगण्यात, बॅलिमोट या गावी एका लहान शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी आयर्लंडमधील गरीब शेतकऱ्याचे पोट जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर अवलंबून असे. धान्य व जनावरे विकून जमीनदाराचा खंड भरायचा आणि घरच्या माणसांनी बटाटा खायचा, असा तो संसार होता. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. शेतातला बटाटा जमिनीतच कुजून काळा झाला. अँड्र्यू तेव्हा पाच वर्षांचा होता.

पुढील चार-पाच वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथीने मृत्युमुखी पडली. तितक्याच, किंबहुना त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. १८४१ च्या शिरगणतीत ऐंशी लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये पासष्ट लाखांवर आली. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्याने आणि गुरांनी भरलेली जहाजे बाहेर जातच होती. दुष्काळ म्हणजे केवळ अन्नाचा अभाव नव्हे. समोर असलेले अन्न विकत घेण्याची ऐपत नसणे, हाही दुष्काळच होय. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांतील वऱ्हाडच्या दुष्काळाच्या हकिगती ज्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१८५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, अँड्र्यूने गाव सोडले आणि समुद्र ओलांडून ग्लासगो गाठले. हजारो आयरिश स्थलांतरितांची हीच वाट होती. ग्लासगोच्या पूर्व भागात कापडाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि एकाला एक चिकटलेल्या कोंदट चाळी होत्या. एका खोलीत संपूर्ण कुटुंब राहत असे. आयरिश माणूस परका, गरीब आणि त्यात कॅथलिक. स्कॉटलंडचा बहुसंख्य समाज प्रॉटेस्टंट. नोकरीच्या दारात या तिन्ही गोष्टी त्याच्या आड येत. अँड्र्यूला रेल्वेवर काम मिळाले.

येथेच त्याची मारिस्ट ब्रदर्सशी गाठ पडली. संत मार्सेलिन शांपान्या यांनी १८१७ साली फ्रान्समध्ये स्थापन केलेला हा संघ खेड्यापाड्यांतील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी होता. १८५८ साली या संघाचे बंधू ग्लासगोत आले आणि आयरिश मजुरांच्या मुलांना शिकवू लागले. दिवसभर कष्ट करणाऱ्या एका तरुणाला त्या शिक्षकांत आपल्या आयुष्याची दिशा दिसली.

व्रतस्थ शिक्षक

१८६४ साली अँड्र्यू केरिन्स मारिस्ट संघात दाखल झाले. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि तिकडचा कापूस ब्रिटनमध्ये येणे बंद झाले होते. वऱ्हाडच्या कापसाला त्याच काळात सोन्याचा भाव आला, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ग्लासगोच्या पूर्व भागातील कापूसगिरण्यांवर मात्र टंचाईचे सावट पडले होते. एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांना एकीकडे सुबत्ता आणि दुसरीकडे उपासमार, असे ते दिवस होते.

फ्रान्समधील बोकाँ येथे त्यांचे प्रशिक्षण झाले. आठव्या शतकात इटलीतील तस्कनी प्रांतात होऊन गेलेल्या संत वॉलफ्रिड या मठाधिपतींचे नाव त्यांनी व्रतस्थ जीवनासाठी धारण केले. ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. तो मिस्सा अर्पण करत नाही, प्रायश्चित्त ऐकत नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन तो नेमून दिलेले काम करतो. मारिस्ट बंधूचे काम म्हणजे वर्गात उभे राहणे. आमच्या धर्मप्रांतातील शाळांत, वसतिगृहांत व दवाखान्यांत राबणाऱ्या बंधू-भगिनींप्रमाणेच त्याचे नावही बहुधा कोणत्याही फलकावर येत नाही.

ग्लासगोला परतल्यावर त्यांनी कॅल्टन भागातील सेंट मेरीज धर्मग्रामाच्या शाळेत अध्यापन केले. १८७४ साली जवळच्याच ब्रिजटन येथील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. दोनच वर्षांपूर्वी, १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले होते. कॅथलिक शाळा मात्र आपली धार्मिक ओळख टिकवण्यासाठी सरकारी शाळामंडळांच्या बाहेर राहिल्या. त्यामुळे गरीब धर्मग्रामांना आपल्या शाळांचा मोठा भार स्वतःच उचलावा लागे. १९१८ च्या कायद्याने हा भार उतरला. तोपर्यंत एक-एक पेनी गोळा करून शाळा चालवाव्या लागत.

कायद्याने मूल शाळेत येऊ लागले. परंतु कायदा त्याला जेवू घालत नव्हता. सकाळी काही न खाता आलेले मूल दुपारपर्यंत बाकावर मान टाके. थोडे मोठे झाले की आईबाप त्याला कामावर धाडत, कारण त्याच्या चार पेनींवाचून घरची चूल पेटत नसे. भुकेचा अनुभव ब्रदर वॉलफ्रिड यांना पुस्तकातून घ्यावा लागला नव्हता. बॅलिमोटच्या दुष्काळातून वाचलेल्या मुलाला ब्रिजटनच्या वर्गात तीच भूक पुन्हा दिसत होती.

एका पेनीचे जेवण

१८८० च्या दशकाच्या मध्यात ब्रदर वॉलफ्रिड यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मदतीने गरीब मुलांसाठी जेवणाची सोय सुरू केली. सेंट मेरीज शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर डोरोथियस हे या कामी त्यांचे सहकारी होते. व्यवस्था अगदी साधी होती. ज्याला शक्य असेल त्याने एक पेनी द्यावी आणि पोटभर जेवावे. घरून पाव आणला असेल तर अर्ध्या पेनीत वाडगाभर गरम सूप मिळे. ज्याच्याजवळ काहीच नसेल तोही उपाशी परत जात नसे.

या पेनीमागे एक विचार होता. फुकटच्या अन्नाने पोट भरते, पण गरीब आईबापांची मान खाली जाते. नाममात्र मोल दिले की आपल्या लेकराचे जेवण आपणच विकत घेतले, एवढा तरी अभिमान त्यांच्यापाशी उरतो. आणखीही एक कारण होते. शहरात इतर पंथीयांची अन्नछत्रे होती आणि भुकेपायी आपली मुले आपल्या श्रद्धेपासून दुरावतील, ही धास्ती त्या काळच्या कॅथलिक समाजाला वाटत असे. आज पंथापंथांतील संबंध पुष्कळ निवळले आहेत. त्या काळी मात्र ती धास्ती खरी होती आणि ब्रदर वॉलफ्रिड यांच्या कार्यामागे तीही होती, हे लपवण्याचे कारण नाही.

जेवण सुरू झाले. अडचण होती ती खर्चाची. अर्ध्या पेनीच्या सुपाला अर्ध्या पेनीहून अधिक खर्च येतो. हजारो मुलांचा हा खर्च उचलणारे धर्मग्राम स्वतःच मजुरांचे होते. धर्मादाय मेळे आणि वर्गण्या यांतून येणारा पैसा तुटपुंजा पडू लागला. त्याच सुमारास ग्लासगोतील कामगारांना एका नव्या खेळाने वेड लावले होते. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा वाजला की हजारो पुरुष फुटबॉल पाहण्यासाठी लोटत आणि दारावर खुशीने पैसे मोजत. ब्रदर वॉलफ्रिड यांनी धर्मग्रामासाठी काही धर्मादाय सामने भरवून पाहिले. एका दुपारच्या खेळातून किती ताटे भरतात, याचा हिशेब त्यांना कळून चुकला.

सेंट मेरीजच्या सभागृहातील सभा

यापूर्वीचे एक उदाहरण त्यांच्यासमोर होते. एडिंबरो शहराच्या काउगेट या गरीब वस्तीतील सेंट पॅट्रिक्स धर्मग्रामाचे कॅनन एडवर्ड हॅनन यांनी १८७५ साली आयरिश तरुणांसाठी हिबर्नियन नावाचा संघ काढला होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये हिबर्नियनने डम्बार्टनचा २-१ असा पराभव करून स्कॉटिश कप जिंकला. अंतिम सामना ग्लासगोत झाला आणि विजयी खेळाडूंचे कौतुक सेंट मेरीजच्या सभागृहात झाले. ज्यांना शहराने कायम खालच्या पायरीवर उभे केले होते, त्यांच्या डोळ्यांत त्या रात्री वेगळेच तेज होते. एडिंबरोच्या आयरिश लोकांना जे जमले ते ग्लासगोच्या आयरिश लोकांना का जमू नये, असा विचार तेथे बळावला.

६ नोव्हेंबर १८८७ रोजी, त्याच सेंट मेरीजच्या सभागृहात सभा भरली आणि नवा संघ काढण्याचे ठरले. हिबर्नियन हेच नाव लावावे, असा काहींचा आग्रह होता. ब्रदर वॉलफ्रिड यांनी सेल्टिक हे नाव सुचवले आणि ते मान्य झाले. हे नाव आयरिश व स्कॉटिश या दोन्ही लोकांच्या प्राचीन सेल्ट वारशाकडे बोट दाखवते. ज्या मातीतून आलो ती आयर्लंडची आणि ज्या मातीत मुले वाढत आहेत ती स्कॉटलंडची, या दोहोंना त्या एका शब्दात जागा होती. हिबर्नियनने सुरुवातीच्या काळात आपली दारे कॅथलिकांपुरतीच उघडी ठेवली होती. सेल्टिकने खेळाडूंवर असे धर्माचे बंधन घातले नाही.

जानेवारी १८८८ मध्ये वर्गणीसाठी पत्रक निघाले. सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकल्स या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या जेवणासाठी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला निधी पुरवणे, हा संघाचा मुख्य उद्देश असल्याचे त्यात स्पष्ट नमूद केले होते. स्कॉटलंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनर्स्थापना होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. ग्लासगोचे आर्चबिशप चार्ल्स आयर यांनी वीस शिलिंगांची वर्गणी दिली.

ब्रदर वॉलफ्रिड स्वस्थ बसणारे गृहस्थ नव्हते. बांधकाम व्यवसायातील जॉन ग्लास आणि शिंपीकाम करणारे पॅट वेल्श यांना सोबत घेऊन ते चांगल्या खेळाडूंच्या घरी जात. डिसेंबर १८८७ मध्ये हे तिघे टॉम मेली या खेळाडूला भेटायला गेले असता तो घरी नव्हता. त्याचा धाकटा भाऊ विली भेटला. तूही ये, असे त्याला सहज सांगण्यात आले. हाच विली मेली पुढे १८९७ ते १९४० अशी त्रेचाळीस वर्षे सेल्टिकचा व्यवस्थापक राहिला.

घामाने उभे राहिलेले मैदान

पार्कहेड भागात, दफनभूमीला लागून असलेली एक मोकळी जागा वर्षाला पन्नास पौंड भाड्याने घेण्यात आली. तेथे ना समतल जमीन होती ना कुंपण. धर्मग्रामांतील माणसे दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी कुदळ-फावडे घेऊन मैदानावर येत. सहा महिन्यांच्या आत खेळण्यायोग्य मैदान, भोवताली मातीचे उंचवटे आणि बसण्यासाठी एक साधा मंडप तयार झाला. मजुरीचा पैसा कोणी घेतला नाही. आमच्या खेड्यांतील कित्येक चर्चच्या भिंती अशाच श्रमदानातून उभ्या राहिल्या आहेत. म्हणून या मैदानाची हकिगत आम्हांला परकी वाटत नाही.

२८ मे १८८८ रोजी तेथे सेल्टिकचा पहिला सामना झाला. समोर रेंजर्सचा संघ होता. सुमारे दोन हजार प्रेक्षक आले. पांढरा सदरा, हिरवी कॉलर आणि छातीवर लाल रंगाचा क्रूस, असा त्या दिवशीचा पोशाख होता. नील मॅकॅलम याने संघाचा पहिला गोल केला आणि सेल्टिकने सामना ५-२ असा जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघ सेंट मेरीजच्या सभागृहात एकत्र बसले, जेवले आणि गाणी म्हणाले. याच दोन संघांच्या पाठीराख्यांत पुढे धार्मिक वैराचे विष कालवले गेले आणि त्यापायी रक्तही सांडले. त्या पहिल्या संध्याकाळी मात्र त्याचा मागमूसही नव्हता.

पहिल्याच हंगामात सेल्टिकने स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे हार पत्करावी लागली, तरी दारावर जमणारा पैसा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक होता. तिन्ही धर्मग्रामांतील मुलांच्या जेवणासाठी व अन्य धर्मादाय कार्यांसाठी पहिल्याच वर्षी चारशे पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली. मैदानाच्या वार्षिक भाड्याशी ताडून पाहिले म्हणजे ही रक्कम केवढी मोठी होती, हे ध्यानात येते.

साधन मोठे झाले, साध्य मागे पडले

येथवरची कथा निर्मळ यशाची आहे. परंतु थोरांची चरित्रे लिहिताना अर्धीच गोष्ट सांगण्याचा मोह टाळला पाहिजे.

चांगला संघ उभा करायचा तर चांगले खेळाडू हवेत, आणि ते कोठून तरी आणावे लागतात. सेल्टिकच्या पहिल्या खेळाडूंपैकी बरेच जण हिबर्नियनमधून आले. त्या काळी स्कॉटलंडमध्ये खेळासाठी पैसे घेण्यास मनाई होती. ही मनाई १८९३ मध्ये उठली. तरीही आडमार्गाने खेळाडूंना मोबदला दिला जाई आणि सेल्टिकही त्याला अपवाद नव्हता. ज्या हिबर्नियनकडे पाहून प्रेरणा घेतली, त्याच संघाची त्यामुळे वाताहत झाली. १८९१ साली कॅनन हॅनन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी हिबर्नियनचा खेळ काही काळ बंद पडला. पुढे तो संघ पुन्हा उभा राहिला व आजही खेळतो आहे. पण एका धर्मग्रामाच्या सत्कार्याची किंमत दुसऱ्या धर्मग्रामाने मोजली, हे नाकारता येत नाही. ब्रदर वॉलफ्रिड त्या वेळी संघाच्या केंद्रस्थानी होते, हेही खरे.

यशाबरोबर खर्च वाढला. मैदान चालते आहे असे पाहून जमीनमालकाने पन्नास पौंडांचे भाडे साडेचारशे पौंडांवर नेले. तेव्हा शेजारच्या विटांच्या जुन्या खाणीची जागा घेऊन, हजारो गाडे मातीने ती बुजवून, १८९२ मध्ये नवे मैदान उभारण्यात आले. दफनभूमीजवळून हलून संघ जणू नंदनवनात आला, अशी उपमा तेव्हा कोणी दिली आणि त्या मैदानाला नंदनवन हेच टोपणनाव पडले. एप्रिल १८९२ मध्ये सेल्टिकने क्वीन्स पार्कचा ५-१ असा पराभव करून पहिल्यांदा स्कॉटिश कप जिंकला.

त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, वरिष्ठांच्या आज्ञेनुसार ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. संघाचा पहिला कप हाती येऊन चार महिनेही झाले नव्हते. ज्या कामासाठी आयुष्याची उमेद खर्च केली ते बहरात असताना सोडून जायचे, हे आज्ञापालनाचे व्रत किती कठीण असते, ते ज्याने घेतले आहे त्यालाच उमजते. ते गेले.

त्यांच्यामागे संघाच्या कारभारात दोन मते होती. संघ मूळ उद्देशाला बांधलेला राहावा, असे म्हणणारे काही जण होते. खर्च वाढला, जबाबदाऱ्या वाढल्या, आता धंद्याच्या शिस्तीने कारभार केला पाहिजे, असे म्हणणारे दुसरे होते. दुसऱ्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. कर्जाची जोखीम सामान्य सभासदांच्या डोक्यावर किती काळ ठेवायची, हा खरा प्रश्न होता. १८९७ साली सेल्टिक मर्यादित कंपनी झाला. भागधारकांना लाभांश मिळू लागला. मुलांच्या जेवणासाठी जाणारा पैसा आटत गेला आणि पुढे थांबला. धर्मादाय सामन्यांत संघ खेळत राहिला, परंतु ज्या ताटांसाठी हे सारे मांडले होते, ती ताटे हिशेबाच्या वहीतून नाहीशी झाली.

यात कोणी एक खलनायक नव्हता. हिशेब जुळवणारी साधीच माणसे होती. मूळ हेतूची आठवण रोज करून देणारा माणूस तेवढा त्यांच्यात उरला नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून

लंडनच्या पूर्व भागात ब्रदर वॉलफ्रिड यांना ग्लासगोचीच प्रतिकृती दिसली. तेथेही गोदीवर काम करणाऱ्या आयरिश मजुरांची वस्ती होती, तीच अंधारी घरे होती आणि तीच अनवाणी मुले होती. वय बावन्न झाले होते. त्यांनी तक्रारीत वेळ दवडला नाही. शाळेचे काम हाती घेतले आणि तेथील मुलांसाठीही त्यांनी फुटबॉल सामने भरवले. या वेळी कोणताही नामवंत संघ उभा राहिला नाही, कप आले नाहीत, वर्तमानपत्रांत नाव झळकले नाही. मुले खेळली, थोडी मदत गोळा झाली. मुख्याध्यापक म्हणून ते जे काम पहिल्यापासून करत आले होते, तेच हे काम होते.

१९११ साली युरोपचा दौरा आटोपून सेल्टिकचा संघ लंडनमार्गे परतत असता त्यांची जुन्या सहकाऱ्यांशी भेट झाली. आरंभीच्या मंडळींपैकी फार थोडे उरले होते. त्या भेटीत जुन्या दिवसांच्या आठवणी निघाल्या आणि संघाच्या भरभराटीचा त्यांना आनंद वाटला, अशी नोंद आढळते. उतारवयात काही काळ केंट परगण्यात राहून ते डम्फ्रीजच्या मारिस्ट बंधूंच्या सहवासात आले आणि तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली. मारिस्ट बंधूंसाठी असलेल्या साध्या कबरींच्या रांगेत त्यांना मूठमाती मिळाली.

मागे उरले ते

१९३६ साली, अमरावतीचे खेळाडू बर्लिनला गेले त्याच उन्हाळ्यात, कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम नावाचा तरुण ग्लासगोत आला. सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून तो दोन सामने खेळला. बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून खेळणारा हा भारतीय पाहून प्रेक्षक थक्क झाले. युरोपातील नामवंत संघाचा पोशाख घालणारा भारतीय उपखंडातील तो पहिला खेळाडू मानला जातो. घरची ओढ लागून तो लवकरच परतला. उपऱ्यांसाठी काढलेल्या संघाने एका परदेशी मुसलमान तरुणाला आपला पोशाख दिला, ही गोष्ट ब्रदर वॉलफ्रिड यांना आवडली असती, असे मानायला जागा आहे.

१९६७ मध्ये लिस्बन येथे इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून सेल्टिकने युरोपियन कप जिंकला. असा पराक्रम करणारा तो ब्रिटनमधील पहिला संघ. त्या दिवशी मैदानात उतरलेले सर्व अकरा खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. जे मूल शंभर वर्षांपूर्वी वर्गात उपाशी बसले असते, त्याचेच वंशज जणू युरोपच्या शिखरावर उभे होते.

आणि १९९५ साली, संघ आर्थिक संकटातून सावरत असताना, सेल्टिकने पुन्हा धर्मादाय निधी स्थापन केला. पुढे त्याचेच प्रतिष्ठान झाले. मधली जवळजवळ शंभर वर्षे जो धागा तुटल्यासारखा वाटत होता, तो असा पुन्हा जोडला गेला. नोव्हेंबर २००५ मध्ये मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा उभारण्यात आला. ज्यांनी आयुष्यात नावासाठी काही केले नाही, त्यांच्या नावापुढून आता दर सामन्याला हजारो लोक आत जातात.

शाळेत जेवण दिले की मूल शाळेत टिकते, हे आज आपल्या देशात सरकारी धोरण आहे. तमिळनाडूत कामराज यांनी १९५० च्या दशकात ते राबवले. १९९५ मध्ये केंद्राची योजना आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. तरीही मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्या आमच्याच जिल्ह्यातून येत राहिल्या आहेत. भूक ही इतिहासजमा झालेली गोष्ट नाही.

आमच्या धर्मग्रामांतही निधीसाठी मेळे भरतात, क्रीडास्पर्धा होतात, स्मरणिका निघतात. त्यांतील उत्साह पाहून आनंद होतो. ब्रदर वॉलफ्रिड यांच्या जीवनाकडे पाहून एवढेच सुचवावेसे वाटते, की अशा प्रत्येक उपक्रमाच्या समितीत एक माणूस असा असावा, ज्याचे काम मंडप, बक्षिसे आणि पाहुणे यांची चिंता करणे हे नसेल. हिशेब वाचून झाला की त्याने उभे राहून विचारावे, यातून किती मुले जेवली? ज्या वर्षी हा प्रश्न विचारायचे राहून जाईल, त्या वर्षी उपक्रम कितीही मोठा झाला तरी तो लहान झाला, असे समजावे.